जलप्रदान आणि उदकभय: थायलंडमधलं पाणीवाटप

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या पाणी वापर संस्थेची आठ-दहा मंडळी थायलंडला अभ्यासदौऱ्यावर निघाली आहेत. तिकडे वर्षाला दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणतात. मग दुष्काळ कसा पडतो? पाणी कोण वाटतं, कसं वाटतं? आणि आम्ही तिथे जाऊन बघायचं काय?"

मी पाटबंधाऱ्याच्या कामातली. पदव्युत्तर शिक्षणासाठी बँकॉकच्या उत्तरेला, पथुम थानीतल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. नंतर कामाच्या निमित्तानं चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात बरीच फिरले. त्यामुळे उत्तर त्या खोऱ्याकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगते.

सुरुवात शब्दांपासून करू. थाई सिंचन खात्याचं नाव 'क्रोम चोनप्रथान'. त्यातला 'चोनप्रथान' म्हणजे आपलं जलप्रदान, थाई उच्चारात बसताना एवढा बदललेला. पुराला सरकारी कागदात 'उथकफय' म्हणतात, म्हणजे उदकभय. नळाचं पाणी देणाऱ्या संस्थेच्या नावात 'प्रपा' आहे, म्हणजे पाणपोई. पाट्या अडखळत वाचता यायला लागल्या तेव्हा मला याची नुसती गंमत वाटली होती. पुढे लक्षात आलं की शेताला द्यायचं पाणी, घरात शिरणारं पाणी आणि नळाला येणारं पाणी या देशात बहुतेक एकाच नदीचं आहे, आणि हिशेब मात्र वेगवेगळ्या कार्यालयांत होतो. पाण्याशी संबंध असलेली सरकारी खाती-मंडळं तिथे तीसहून जास्त आहेत.

आता नदी. पिंग, वांग, योम आणि नान या उत्तरेकडच्या चार नद्या खाली येऊन नाखोन सावनला एक होतात, तिथून पुढे ती चाओ फ्राया. देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा या खोऱ्यात येतो. पिंगवर भूमिबोल धरण (१९६४), नानवर सिरिकित (सत्तरच्या दशकातलं). भूमिबोलची क्षमता १३,४६२ दशलक्ष घनमीटर. आपल्या हिशेबात ४७५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे साडेचार कोयना धरणं. सिरिकित ३३६ टीएमसी. हे आकडे ऐकून आपल्याकडचा माणूस म्हणतो, यांना काय कमी आहे! पण त्यातलं वापरायोग्य पाणी दोन्ही मिळून पावणेसहाशे टीएमसीच्या आसपास. शिवाय भूमिबोल एकदा तळाला गेलं की एका सरासरी पावसाळ्यात ते भरत नाही. आणि दीड हजार मिलिमीटरचं म्हणाल, तर तो पाऊस मे ते ऑक्टोबरमध्ये येतो आणि त्यातला मोठा भाग धरणांच्या खाली, सपाट मैदानात पडतो. तो साठवायला जागाच नाही. योम नदीवर तर मोठं धरण नाहीच. केंग सुआ तेन नावाच्या धरणाचा प्रस्ताव गेली कित्येक दशकं आहे, पण फ्रे प्रांतातल्या गावकऱ्यांनी तिथलं सागवानाचं जंगल आणि आपली घरं बुडू द्यायला सतत नकार दिला. त्यामुळे योम पावसाळ्यात सुखोथायला बुडवते आणि उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी असते.

वाटपाची तारीख १ नोव्हेंबर. आपण १५ ऑक्टोबरचा साठा बघून कालवा सल्लागार समितीत भांडतो, तसंच. त्या दिवशी धरणांत वापरायोग्य पाणी किती, हे मोजून ३० एप्रिलपर्यंतच्या कोरड्या हंगामाची योजना ठरते. कागदावरचा प्राधान्यक्रम असा: आधी पिण्याचं आणि घरगुती, मग नदीचा प्रवाह टिकवून समुद्राचं खारं पाणी मागे रेटण्यासाठी, मग पुढचा पावसाळा उशिरा आला तर राखीव, मग शेती, शेवटी उद्योग. क्रम चांगला आहे. गाठ पडते ती तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात.

कारण शेतकऱ्याकडे पंप आहे. थाई भाषेत त्याला 'थो फया नाक' म्हणतात, नागराजाचा पाइप. लांब लोखंडी नळी, आत पंखा, आणि चालवायला पॉवर टिलरचं इंजिन. कालव्यात हातभर पाणी असलं तरी तो ते उचलून शेतात टाकतो. चाओ फ्रायाच्या त्रिभुज प्रदेशातले कालवे आपल्या कालव्यांसारखे उतारावर वाहत नाहीत. जमीन इतकी सपाट की ते बरेचसे लांबट तळ्यांसारखे उभे असतात. तिथे आवर्तन (ठरावीक काळानं कालवा सोडणं), शेजपाळी (एकामागून एक पाळीनं पाणी), सात नंबरचा पाणीमागणी अर्ज असलं काही नाही. कालव्यात पाणी दिसलं की दोन्ही काठांवर पंप सुरू होतात. सरकार जाहीर करतं की यंदा उन्हाळी भाताला, म्हणजे 'ना प्रांग'ला, इतक्याच क्षेत्रापुरतं पाणी आहे, किंवा अजिबात नाही. लागवड त्याहून जास्त होते. एका कालव्यावर मी एका शेतकरी बाईंना विचारलं की योजनेत तुमचं क्षेत्र नाही, तरी भात कसा लावला? त्या हसल्या. योजना खात्याची आहे, कर्ज माझं आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. यावर मला काही बोलता आलं नाही.

एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, जवळजवळ सोळा गुंठे. पंधरा-वीस राय जमीन असलेलं कुटुंब एका भातावर कर्ज फेडू शकत नाही. दुसरं पीक हाच त्यांचा नफा.

पाणी धरणातून सोडल्यावर चैनातच्या चाओ फ्राया बंधाऱ्यापर्यंत यायला अनेक दिवस लागतात. वाटेत पंप, नगरपालिकांच्या पाणीयोजना, पाण्याला वाट करून देणाऱ्या जुन्या ओहोळांची तोंडं. हा बंधारा १९५७ चा, सोळा दारांचा, जागतिक बँकेच्या कर्जातून झालेला. (त्याची कल्पना मात्र १९०३ ची. राजा चुलालोंगकोर्ननं होमान फान डेर हाइड नावाच्या डच अभियंत्याला आणलं होतं. त्यानं चैनातला बंधारा सुचवला आणि दरबारानं पैसा रेल्वेकडे वळवला.) बंधाऱ्यापाशी पाणी अडून दोन्ही बाजूंच्या कालव्यांत जातं आणि उरलेलं खाली बँकॉककडे. टेलचा शेतकरी आपल्याकडे कालव्याच्या शेवटी असतो. तिथे सगळ्यात शेवटच्या टेलला एक कोटीहून जास्त लोकांचं महानगर बसलंय, आणि त्याच्या खाली समुद्र.

समुद्र म्हणजे नुसता नकाशावर नाही. बँकॉक समुद्रसपाटीपासून सरासरी दीडेक मीटर उंच. नदीला उतार जवळपास नाही, त्यामुळे भरती नदीतून किती तरी आत चढते. शहरासाठी नदीतून पाणी उचलण्याची मुख्य जागा पथुम थानीत सामले इथे आहे. वरून येणारा प्रवाह कमी झाला की क्षार सामलेपर्यंत पोहोचतात. २०२० च्या सुरुवातीला बँकॉकच्या नळाला खारट पाणी आलं होतं ते यामुळेच. मग वरून जास्त पाणी सोडायचं आणि पश्चिमेकडच्या मे क्लोंग खोऱ्यातून पाणी वळवून आणायचं. म्हणजे शहराला पिण्यासाठी जितकं पाणी लागतं, त्याच्याबरोबर समुद्राला मागे ढकलण्यासाठीही पाणी खर्चावं लागतं. हे पाणी शेतकऱ्याला डोळ्यांनी समुद्रात जाताना दिसतं. त्याची चिडचिड समजून घ्यायला हवी, जरी खात्याचं गणित बरोबर असलं तरी.

आता २०११ आणि २०१५. ही दोन वर्षं एकत्र वाचली नाहीत तर थायलंडचा प्रश्न कळतच नाही, म्हणून इथे जरा थांबते.

२०१० च्या पहिल्या सहामाहीत कोरड पडली होती. साहजिकच २०११ च्या पावसाळ्यात धरणं पाणी धरून बसली. मग पाऊस थांबेचना, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन्ही मोठी धरणं भरत आली. नाखोन सावनला प्रवाह साडेचार हजार घनमीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला, आपल्या भाषेत एक लाख साठ हजार क्युसेकहून जास्त. नदीचं पात्र अयुथयाच्या आसपास तेवढं पाणी वाहून नेऊच शकत नाही. अयुथया आणि पथुम थानीतल्या सात औद्योगिक वसाहती बुडाल्या, जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा झाला. ८०० हून जास्त माणसं गेली. जागतिक बँकेनं नुकसानीचा अंदाज १.४३ लाख कोटी बाट असा काढला. माझी शिक्षणसंस्थाही पाण्याखाली होती. सरकारचं पूरनियंत्रण केंद्र बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर होतं. विमानतळात पाणी शिरल्यावर त्या केंद्रालाच हलावं लागलं.

पण पाणीवाटपाच्या दृष्टीनं त्या वर्षीची महत्त्वाची जागा म्हणजे क्लोंग साम वा. बँकॉकच्या पूर्व टोकाला कालव्यावर एक दार आहे. ते बंद ठेवलं तर वरच्या वस्त्या छातीभर पाण्यात, उघडलं तर खालचा भाग आणि एक औद्योगिक वसाहत धोक्यात. वरच्या लोकांनी जमून दार मीटरभर उघडायला लावलं. तसंच शहराच्या उत्तरेला मोठ्या वाळूच्या पिशव्यांची भिंत घातली होती, तीही बाहेरच्या रहिवाशांनी जागोजागी काढली. पुराचं पाणी हेही वाटपच असतं. फक्त ते कोणी मागत नाही.

याचा धक्का एवढा बसला की २०१२ साली पावसाळ्यापूर्वी धरणं निम्म्याखाली आणण्याचं धोरण आलं. त्याच काळात सरकारनं भात तारणयोजना सुरू केली होती, टनाला १५,००० बाटचा भाव, बाजारापेक्षा खूप वर. धरणातून पाणी सुटतंय आणि भाताला असा भाव आहे, मग शेतकरी दुसरं काय करणार? लोकांनी वर्षात दोन, काही ठिकाणी तीन पिकं घेतली. त्यानंतरचे पावसाळे बेताचे गेले. २०१५ चा एल निनो आला तेव्हा धरणांचा वापरायोग्य साठा तळाला होता. मुख्य पावसाळी भाताचीही लागवड पुढे ढकला, असं सरकारला सांगावं लागलं, आणि त्या जुलैत पथुम थानीच्या काही भागांत नळ कोरडे पडले. चार वर्षांपूर्वी याच प्रांतात लोक होड्यांतून फिरत होते. त्याच एल निनोनं २०१६ मध्ये आपल्याकडे लातूरला रेल्वेनं पाणी न्यायला लावलं. बँकॉकमध्ये त्या एप्रिलला सोंक्रानचा पाणी उडवण्याचा सण आखडता घेतला गेला. आपल्याकडेही त्या साली आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले होते, आठवत असेल.

म्हणून मी म्हणते, तिथली खरी अडचण नुसती साठ्याची नाही. एकाच धरणाकडून दोन उलट मागण्या आहेत, पुरासाठी रिकामं राहा आणि उन्हाळ्यासाठी भरून राहा, आणि दर वर्षी मागच्या वर्षीच्या भीतीप्रमाणे निर्णय होतो. ज्याच्या पाण्याचा वाटा कुठेच लिहिलेला नाही, त्याला दर वर्षी नव्यानं भांडावं लागतं.

बांग बान आणि सेना या अयुथयाजवळच्या भागांत हे रोजच्या जगण्यात दिसतं. चैनातचा विसर्ग ७०० घनमीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की नदी आणि बांध यांच्या मधल्या घरांच्या अंगणात पाणी येतं. सांगलीकर जसे आयर्विन पुलाची पातळी बघत बसतात, तसे हे लोक चैनातचा आकडा बघतात. घरं खांबांवर, खाली होडी बांधलेली. काही वर्षं महिना-दोन महिने पाण्यातच राहायचं. बांध आहे म्हणून आतली शेतं, कारखाने आणि खाली बँकॉक कोरडं राहतं. भूमिबोल राजानं १९९५ च्या पुरानंतर 'केम लिंग' म्हणजे माकडाचे गाल ही कल्पना पुढे आणली: माकड केळी गालात भरून ठेवतं आणि सावकाश खातं, तसं पुराचं पाणी सखल भागात भरायचं आणि नंतर सोडायचं. कल्पना उत्तम. पण गाल कोणाचा, हे विचारावंच लागतं.

बांग राकाममध्ये या प्रश्नाला जरा बरं उत्तर सापडलं. फित्सानुलोक प्रांतात, योमच्या काठचा हा सखल भाग. दर वर्षी सप्टेंबरात पिकं बुडायची. २०१७ पासून तिथे पीकच अलीकडे ओढलं: एप्रिलमध्ये पेरा, पूर यायच्या आत कापा, आणि मग शेतात पाणी येऊ द्या. पहिल्या वर्षी २ लाख ६५ हजार राय, म्हणजे ४२ हजार हेक्टरहून थोडं जास्त. पाणी असताना लोक त्याच शेतात मासे धरतात. यात मला आवडलेली गोष्ट अशी की मोबदला पैशात नाही, पाण्यात आहे. तुम्ही सप्टेंबरात पूर घ्या, आम्ही एप्रिलमध्ये, जेव्हा कोणालाच मिळत नाही तेव्हा, तुम्हाला पाणी देऊ. धरणात पाणी नसेल त्या वर्षी हा सौदा डळमळतो, हे उघड आहे. तरीही तो सौदा आहे, हुकूम नाही.

ईशान्येकडच्या इसानबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो वेगळाच देश आहे. देशातल्या शेतजमिनीपैकी सिंचनाखाली चौथ्या हिश्शाच्या आसपास आणि तीही मुख्यतः मध्य मैदानात. इसान जवळजवळ सगळं पावसावर. वाळूची जमीन, खाली मिठाचे थर. मोठं पाणी अडवलं की भूजल वर येतं आणि मीठही वर येतं. मून नदीवरच्या राशी सलाई धरणाला २००० साली दारं उघडावी लागली. त्याच नदीवर, मेकाँगच्या संगमाजवळ १९९४ मध्ये झालेलं पाक मून धरण १३६ मेगावॉटचं, पण त्यानं मेकाँगमधून वर चढणाऱ्या माशांची वाट अडवली. मच्छीमारांच्या आंदोलनांनंतर त्याची दारं वर्षातून चार महिने उघडायचं ठरलं. धरणांच्या जागतिक आयोगानं ज्या धरणांचा खास अभ्यास केला त्यात पाक मून होतं, आणि त्या आयोगाच्या सदस्यांत आपल्या मेधा पाटकर होत्या. इसानमध्ये चाललेल्या गोष्टी मात्र छोट्या आहेत: घराच्या छपराचं पाणी साठवणारे दोन-दोन हजार लिटरचे सिमेंटचे रांजण, आणि १,२६० घनमीटरची सरकारी शेततळी, ज्यात शेतकरी २,५०० बाट भरतो आणि बाकीचं सरकार. तुमच्यातल्या ज्यांनी शेततळं घेतलंय त्यांना ही योजना समजावून सांगायची गरज नाही.

तुमच्या संस्थेला सगळ्यात ओळखीचं वाटेल ते उत्तरेत, चियांग माईच्या खोऱ्यांत. 'मुआंग फाय'. फाय म्हणजे बंधारा, मुआंग म्हणजे पाट. बांबूच्या आणि लाकडाच्या खुंट्या ठोकून नदीत बंधारा घालायचा, दर वर्षी दुरुस्त करायचा, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त खुंट्या आणि जास्त दिवस मजुरी द्यायची. आला नाही तर दंड. पाटावर लाकडी विभाजक, ज्याच्या खाचेच्या रुंदीवर प्रत्येकाचा वाटा ठरतो. वर गावानं निवडलेला 'के मुआंग' म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा आपला पाटकरी. हंगामाआधी बंधाऱ्याच्या देवतेला, 'फी फाय'ला, नैवेद्य. चियांग माई वसवणाऱ्या मंगराय राजाच्या नावानं चालत आलेल्या जुन्या कायद्यात बंधारा मोडणाऱ्याला शिक्षा आहेत. पांझरा-मोसम नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे गावानं मिळून चालवलेलं बंधाऱ्याचं सिंचन, ज्यानं पाहिली त्याला हे वाचताना आपलंच गाव दिसेल. १९३९ च्या लोकसिंचन कायद्यानं या व्यवस्थेला मान्यता दिली. नंतर सरकारनं बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या जागी काँक्रीटचे बंधारे बांधून दिले. ते पुरात वाहून जात नाहीत, हे खरंच. पण दर वर्षी एकत्र यायचं कारण गेलं, आणि जिथे एकत्र येणं गेलं तिथे पाटकऱ्याचं कोणी ऐकेनासं झालं. माझ्या मते सिंचनातलं हे नुकसान कुठल्याच लेखापरीक्षणात येत नाही.

कायद्याकडे येते. २०१७ मध्ये राष्ट्रीय जलसंपदा कार्यालय झालं आणि २०१८ चा जलसंपदा कायदा आला. त्यात वापराचे तीन प्रकार: घर आणि छोटी शेती, त्यावर उद्योग-पर्यटन-नळयोजना, आणि त्यावर खोऱ्यांवर परिणाम करणारे मोठे प्रकल्प. पहिल्याला परवाना आणि शुल्क नाही, पुढच्या दोघांना आहे. मसुदा चर्चेत असताना शेतकऱ्याकडून पाणीपट्टी घेणार अशी बातमी पसरली आणि एवढा गदारोळ झाला की मंत्र्यांना माघार घ्यावी लागली. गंमत अशी की १९४२ च्या सिंचन कायद्यात रायला जास्तीत जास्त पाच बाट पाणीपट्टीची तरतूद होतीच. ती वसूल करायला कोणी धजावलं नाही. आपल्याकडे पाणीपट्टी आहे, थकबाकीही आहे. त्यांनी थकबाकीची पंचाईत टाळली म्हणायची.

दर लावून काम झालं ते भूजलात. बँकॉकच्या कारखान्यांनी बोअर मारून एवढं पाणी उपसलं की ऐंशीच्या दशकात काही भाग वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त खचत होते. १९७७ चा भूजल कायदा, मग शुल्क, मग संवर्धन शुल्क, असं चढत ते घनमीटरला १७ बाटपर्यंत गेलं, नळाच्या पाण्यापेक्षा महाग. खचणं वर्षाला एक-दोन सेंटिमीटरवर आलं. इथे ते जमलं कारण बोअरला मीटर होता आणि शेजारी नळ उपलब्ध होता. भाताच्या शेताला दोन्ही नाही.

दौऱ्याबद्दल. एप्रिलमध्ये जाऊ नका, स्वस्त तिकिटं मिळाली तरी. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. त्या वेळी चैनातला दारं उघडी दिसतील, बांग बानमध्ये बहुधा घरांखाली पाणी असेल आणि कार्यालयात उन्हाळ्याची योजना टेबलावर असेल. तिन्ही एका दौऱ्यात बघता येतात. एक दिवस चियांग माईजवळच्या एखाद्या मुआंग फायला ठेवा आणि लाकडी विभाजक अजून वापरात असलेलाच बघा. मोठ्या कालव्यावर गेलात की खात्याच्या माणसाला आधी विचारा, या चारीवर (पोटकालव्यावर) पंप किती आहेत. योजनेत क्षेत्र किती दाखवलंय ते त्यानंतर विचारा. दुभाषी बरोबर न्या आणि तो खात्याचा नसेल असं बघा.